जुने दप्तर आणि आपले हक्क: सोलापूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी नोकरी रेकॉर्ड रूममध्ये गेली. निवृत्त झाल्यापासून लोकांना जुने सरकारी कागद शोधायला मदत करतो. सोलापूरच्या सेटलमेंट वस्तीतून (प्रश्न ६), बार्शीहून, पंढरपूरहून, मंगळवेढ्याहून फोन येतात, आणि फिरून फिरून तेच प्रश्न येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो आहे. एखाद्या प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर त्याचा क्रमांक दिला आहे.

१. "नागरी हक्कांच्या इतिहासाचे कागद" म्हणजे नेमके कोणते?

माणसाला माणूस म्हणून जगण्याचा हक्क कधी नाकारला, कधी मागितला, कधी मिळाला, याची नोंद ज्या कागदावर आहे तो प्रत्येक कागद यात येतो. पाणवठा, शाळा, देऊळ, जमीन, मतदान, सभा, विषय कोणताही असो. असे कागद कुठल्याही एका कपाटात नसतात. नगरपालिकेचं सभावृत्त, शाळेचं जनरल रजिस्टर, वतनाची नोंदवही (प्रश्न ११), पोलिसांचा गोपनीय अहवाल, कोर्टाचा निकाल असे ते विखुरलेले आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. यातले बहुतेक कागद आपल्या माणसांनी लिहिलेले नाहीत, आपल्या माणसांवर नजर ठेवणाऱ्यांनी लिहिलेले आहेत. भाषा कडू लागेल. तरी वाचायचेच, कारण पणजीचं नाव कदाचित तिथेच, आणि तेवढंच एकदा, लिहिलेलं असतं.

२. हे सोलापुरातच मिळतं की मुंबईला जावं लागतं?

दोन्ही. एका माणसाची किंवा एका गावाची नोंद हवी असेल तर आधी इथेच पाहा: तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयाचा अभिलेख कक्ष, भूमी अभिलेख कार्यालय, शाळा, नगरपालिका किंवा महापालिका, न्यायालयाचा नक्कल विभाग. सरकारने काय ठरवलं, का ठरवलं, कोणी अर्ज केला, पोलिसांनी वर काय कळवलं, हे हवं असेल तर मुंबई गाठावी लागते.

राज्याचं पुराभिलेखागार काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. १८२१ पासूनचं हे दप्तर. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरली तर सकाळी सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मराठेशाहीचे आणि इनाम चौकशीचे कागद आहेत. वतनाचं मूळ शोधणाऱ्यांनी तिकडे जावं. आपल्या चार हुतात्म्यांची (प्रश्न १३) आठवण सांगणारी हुतात्मा एक्सप्रेस त्यासाठी सोयीची. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर पुष्कळ फायली घरबसल्या शोधता येतात.

३. मी प्राध्यापक नाही, यंत्रमागावर काम करतो. मला आत घेतील का?

घेतील. पुराभिलेखागारात ओळखपत्र आणि कामाचा उद्देश सांगणारा अर्ज लागतो. एखाद्या कॉलेजचं किंवा संस्थेचं शिफारसपत्र जवळ असेल तर काम लवकर होतं. "घराण्याचा इतिहास" हा उद्देश लिहायला लाजू नका. सोबत पेन्सिल न्या, पेन नको. फाईल मागवल्यावर यायला वेळ लागतो, एका दिवसात परतायचा बेत करू नका.

४. सूचीत "सोलापूर" शोधलं तर काहीच सापडत नाही. का?

हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि उत्तर अगदी साधं आहे. इंग्रज आपल्या गावाचं नाव "शोलापूर" लिहीत. इंग्रजी अक्षरांत एस-एच-ओ-एल-ए-पी-यू-आर. सूचीत हेच स्पेलिंग टाका. बार्शीचं "बार्सी" होतं, अक्कलकोटला एकच के लावत.

विषयाचे शब्दही त्या काळचे घ्यावे लागतात. "दलित" हा शब्द टाकून १९२५ ची फाईल निघणार नाही. तेव्हाचा सरकारी शब्द "डिप्रेस्ड क्लासेस", पुढे "बॅकवर्ड क्लास" आणि "हरिजन". विमुक्तांसाठी, म्हणजे इंग्रजांनी जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींसाठी (प्रश्न ६), "क्रिमिनल ट्राइब्स". हे शब्द टाईप करताना हात अडखळतो, माझाही अडखळतो. पण फायलीच्या पाठीवर तेच लिहिलं आहे.

खात्यांची नावंही ध्यानात ठेवा. दंगा, सभा, अटक हे गृह खात्यात, त्यातलं गोपनीय ते "होम स्पेशल" मध्ये. वतन आणि जमीन महसूल खात्यात.

५. कागद मोडीत आहे. कुणाकडून वाचून घ्यावा?

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महसुली कागद सर्रास मोडीत लिहिले जात. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, तिथून तयार झालेले वाचक आता जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. कुणबी नोंदींचा शोध २०२३ पासून सुरू झाल्यावर त्यांना मागणी वाढली आहे, तेव्हा थोडी वाट पाहावी लागेल.

लिप्यंतर घेताना ओळीखाली ओळ घ्या. "सारांश असा की" म्हणून दिलेला मजकूर कुठल्याही जात पडताळणी समितीपुढे चालत नाही. आणि आपलं सोलापूर चार भाषांचं गाव आहे. घरच्या जुन्या कागदांत कानडी, तेलुगू, उर्दू निघाली तर त्याला मोडी समजून बसू नका. हे खरंच घडतं.

६. आमचे पणजोबा सेटलमेंटमध्ये होते असं घरात सांगतात. त्यांची नोंद सापडेल का?

सापडू शकते. आधी पार्श्वभूमी सांगतो, कारण नव्या पिढीला सेटलमेंट म्हणजे फक्त वस्तीचं नाव वाटतं.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ च्या दुरुस्तीनंतर तो मुंबई इलाख्यात लागू झाला, १९२४ मध्ये पुन्हा नव्याने केला गेला. जन्माने गुन्हेगार ठरवण्याचा हा कायदा. कैकाडी, पारधी, मांग-गारुडी, टकारी, कंजारभाट, छप्परबंद अशा जमातींच्या कुटुंबांना तारेच्या कुंपणात आणून ठेवलं. रोज हजेरी, बाहेर जायला पास, आणि काम गिरणीत. सोलापूरच्या गिरण्यांना माणसं हवी होती, सेटलमेंटमध्ये ती बांधलेलीच होती. मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला, देशभरातून तो ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. विमुक्त दिन त्या तारखेचा.

आता कागद. वार्षिक प्रशासकीय अहवालांत आकडे मिळतात: किती माणसं, किती गिरणीत, किती पळाली. नावं क्वचितच. नावं मिळतात गृह खात्याच्या फायलींत, जिथे कुणी सुटकेचा अर्ज केला, कुणाची बदली झाली, कुणाला शिक्षा झाली. पण सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे सेटलमेंटच्या शाळेचं जनरल रजिस्टर. शाळा बंद झाली किंवा दुसऱ्या शाळेत विलीन झाली तरी रजिस्टर पुढच्या शाळेकडे किंवा शिक्षण विभागाकडे गेलेलं असतं. त्याच्या मागे लागा.

अशा एका रजिस्टरचं पान माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मुलीचं नाव, जात, वय १२, आणि शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात निळ्या शाईत तीन शब्द: "गिरणीत कामास लागली". तिची नात माझ्याशेजारी उभी होती. दाखल्यासाठी आली होती. दाखल्याचं विसरून ती त्या तीन शब्दांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली.

७. कागदावर "गुन्हेगार" असं लिहिलंय. तो दाखल केला तर मुलांना नोकरीत अडचण येईल का?

नाही. ती त्या माणसाला झालेली शिक्षा नव्हे, कायद्याने पूर्ण जमातीवर मारलेला शिक्का होता, आणि तो कायदाच रद्द झाला आहे. चारित्र्य पडताळणीशी त्याचा काडीचा संबंध नाही. उलट विमुक्त जातीचा दाखला मागताना हाच कागद तुमच्या बाजूने बोलतो. तो लपवू नका, आणि रागाने फाडू तर अजिबात नका.

८. जातीच्या दाखल्यासाठी कुठल्या तारखेआधीचा पुरावा लागतो?

महाराष्ट्रात मानीव दिनांक असे आहेत: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीची नोंद असेल तर बाजू भक्कम होते. शाळेचं रजिस्टर, गाव नमुना १४ म्हणजे आपल्या बोलण्यातलं कोतवाल बुक, जुने फेरफार, खरेदीखतं हे सगळं चालतं.

एक अपवाद लक्षात ठेवा, त्यावरून पुष्कळ प्रकरणं अडतात. कैकाडी समाज विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आहे, आपल्याकडे विमुक्त जातीत. मूळ गाव तिकडचं आणि तीन पिढ्या सोलापुरात, असं असेल तर अर्ज भरण्यापूर्वीच जाणकाराला विचारा.

९. आजोबांच्या कागदावर "महार", वडिलांच्या "बौद्ध". दोन्ही जुळत नाहीत म्हणून कागद परत आला.

१९५६ च्या धर्मांतरानंतर हजारो घरांत हा फरक आहे, आणि तो दोष नाही. महाराष्ट्राने राज्याच्या सवलती नवबौद्धांना १९६० पासूनच दिल्या. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. आजोबांपासूनची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लिहा, प्रत्येक पिढीचा एक तरी कागद लावा. कारकुनाने तोंडी नकार दिला तर लेखी मागा.

१०. १९३१ च्या जनगणनेत जात मोजली होती. त्यात पणजोबांचं नाव मिळेल?

नाही. छापील तक्ते मिळतात, घरोघरच्या याद्या नाहीत. कुणी "१९३१ चा जनगणना उतारा" पैसे घेऊन देतो म्हणाला तर देऊ नका.

११. आमच्या महार वतनाच्या जमिनीचा मूळ कागद कुठे असेल?

वतनाची गोष्ट लांब आहे. गावकामाच्या बदल्यात जमीन, आणि त्या जमिनीपायी रात्रंदिवस सरकारी वेठ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते याच वेठीविरुद्ध. ही वतनं शेवटी रद्द झाली ती १९५८ च्या कनिष्ठ ग्राम वतनं नाहीशी करण्याच्या कायद्याने. जमीन सरकारजमा झाली आणि कब्जेहक्काची रक्कम भरणाऱ्याला ती पुन्हा देण्यात आली, तीही नव्या शर्तीने, म्हणजे भोगवटादार वर्ग २ म्हणून.

अडचण नेमकी इथे होते. अनेकांना रक्कम भरायची असते हेच कुणी सांगितलं नाही. म्हणून तीन कागद क्रमाने शोधा: वतनाची जुनी नोंदवही, वतन खालसा झाल्याचा फेरफार, पुन्हा दिल्याचा आदेश आणि चलन. तिसरा नसेल तर पहिले दोन घेऊन महसुली कामं जाणणाऱ्या वकिलाकडे जा. 'आपले अभिलेख' या शासकीय संकेतस्थळावर जुने फेरफार चढवण्याचं काम झालं आहे. तुमच्या तालुक्याचं दप्तर तिथे आहे का ते आधी बघा, फेरा वाचेल.

सातबारावरच्या "वर्ग २" कडे दुर्लक्ष करून जमीन विकलेली असेल तर तो वेगळा आणि किचकट विषय आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय झालेला व्यवहार अडचणीत येतो.

१२. बाबासाहेबांचं सोलापुरात वसतिगृह होतं म्हणतात. त्याचा पुरावा काय?

होतं. २० जुलै १९२४ ला मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिने पहिलं मोठं काम हाती घेतलं ते आपल्या गावात. ४ जानेवारी १९२५ ला सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांचं वसतिगृह उघडलं. मुलांचं जेवण, कपडे, पुस्तकं सभेकडे. व्यवस्था जिवाप्पा ऐदाळे पाहत. सोलापूर नगरपालिका महिना ४० रुपये अनुदान देत असे.

हा ४० रुपयांचा आकडा मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याच्या मागे कागदांची रांग आहे. ठराव कुणी मांडला, विरोध कुणी केला, अंदाजपत्रकात रक्कम कुठल्या शीर्षाखाली गेली, हे नगरपालिकेच्या सभावृत्तात असतं. कॉलेजच्या मुलांनी प्रकल्पासाठी विषय विचारला की मी हाच सुचवतो.

त्याच्याच जोडीला बोले ठराव घ्या. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. सोलापूर, बार्शी, पंढरपूरच्या नगरपालिकांनी त्याचं पुढे काय केलं? महाडच्या नगरपालिकेने काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आपल्या गावांचं आपण तपासायला हवं. मे १९२४ मध्ये बार्शीच्या परिषदेत बाबासाहेब बोलले, जानेवारी १९३८ मध्ये सोलापूर नगरपालिकेने त्यांना मानपत्र दिलं. या दोन्ही प्रसंगांचे पोलीस अहवाल आणि त्या वेळची वर्तमानपत्रं एकमेकांशेजारी ठेवून वाचा. "बहिष्कृत भारत" १९२७ चं, "जनता" १९३० चं. त्याआधीच्या घटना त्यांत शोधू नका.

१३. १९३० चा मार्शल लॉ यात येतो का? तो तर स्वातंत्र्यलढा.

येतो. गांधीजींना ५ मे १९३० ला अटक झाली, गावात गोळीबार झाला, १२ मेपासून जूनअखेरपर्यंत सोलापुरात लष्करी कायदा होता. गांधी टोपी घातली म्हणून माणसं पकडली. टोपी घालणं, झेंडा धरणं, चार माणसांनी जमणं हे हक्कच होते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. त्यांच्याबद्दलच्या फायली मुंबईच्या गृह खात्यात, दिल्लीला आणि काही लंडनच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत.

आजोबांनी त्या वेळी तुरुंगवास भोगल्याचा दाखला हवा असेल तर कारागृहाकडे वर्ष, नाव आणि शक्य असल्यास कलम देऊन अर्ज करा. नुसतं "स्वातंत्र्यसैनिक होते" असं लिहून उपयोग होत नाही.

१४. पंढरपूरच्या मंदिर प्रवेशाचे कागद कुठे पाहायचे?

साने गुरुजींनी १ मे १९४७ ला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं आणि १० मेला विठ्ठलाचं दार सर्वांना उघडलं. त्याच वर्षी मुंबई प्रांताने मंदिर प्रवेशाचा कायदा केला. शतकानुशतकं महाद्वारासमोरच्या चोखोबांच्या समाधीशीच माणसं थांबवली जात होती, हे ध्यानात ठेवून ते कागद वाचा.

सरकारी पत्रव्यवहार मुंबईत आहे. गावातली बाजू मात्र दिवाणी दाव्यांत दिसते. मंदिराचे पुजारी असलेल्या बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या पंढरपूर मंदिरे कायद्याने काढले, त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात जानेवारी २०१४ मध्ये संपला. इतक्या वर्षांच्या दाव्यांत जुने जुने कागद पुरावा म्हणून जोडलेले आहेत. ते वाचायला हवेत.

१५. गाव अक्कलकोट संस्थानात होतं. मग काय?

मग मुंबई इलाख्याच्या सूचीत गावाच्या नावाने फारसं निघणार नाही. अक्कलकोट १९४८ मध्ये विलीन झालं. मंगळवेढं सांगली संस्थानात होतं. अशा गावांचं दप्तर संस्थानाच्या नावाने शोधावं, आणि दख्खनच्या संस्थानांवर देखरेख करणाऱ्या रेसिडेंटचा पत्रव्यवहारही पाहावा. सासर-माहेर धाराशिव किंवा कलबुर्गीकडचं असेल तर सप्टेंबर १९४८ पर्यंतचा मुलूख निजामाचा. ते दप्तर हैदराबादला, बहुतेक फारसी आणि उर्दूत.

१६. १९५५ नंतरच्या अस्पृश्यतेच्या खटल्यांचे कागद मिळतात का?

अस्पृश्यता (अपराध) अधिनियम १९५५ चा, १९७६ मध्ये त्याचंच नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झालं. शोधताना दोन्ही नावं वापरा. ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा, लागू ३० जानेवारी १९९० पासून. पोलीस ठाण्यातले कागद मुदत संपली की नष्ट होतात, म्हणून आधी न्यायालयाच्या नक्कल विभागात जा. खटला क्रमांक नसेल तर वर्ष आणि आरोपीचं नाव तरी हवं.

१७. माहिती अधिकारात मागितलं. उत्तर आलं, "वीस वर्षांपूर्वीचे असल्याने देता येत नाही". हे बरोबर आहे?

चूक आहे, आणि अगदी उलटं आहे. कलम ८(३) सांगतं की वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती द्यायची. कलम ८ मधल्या बहुतेक सबबी तिथे गळून पडतात, अपवाद तीनच: देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करा, त्यात हे कलम नाव घेऊन लिहा.

दुसरं उत्तर येतं, "अभिलेख उपलब्ध नाही". यावर थांबू नका. सरकारी कागदांचं वर्गीकरण असतं: अ वर्ग कायम, ब वर्ग ३० वर्षं, क-१ दहा, क पाच, ड एक वर्ष. पुढचा अर्ज असा करा: हा कागद कोणत्या वर्गातला, नष्ट केला असेल तर कोणत्या दिवशी, कुणाच्या आदेशाने, नाश नोंदवहीच्या त्या पानाची प्रत द्या. मला स्वतःला एका कार्यालयाने दोनदा "नाही" लिहून दिलं होतं. तिसऱ्या खेपेला नाश नोंदवही मागितली आणि आठवड्यात गठ्ठा सापडला, वेगळ्या गावाच्या लाल बस्त्यात बांधलेला.

महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ.

१८. आजोबांच्या पेटीत पत्रं, पावत्या, परिषदेची हस्तपत्रकं आहेत. काय करू?

पहिली गोष्ट, प्लास्टिकच्या पिशवीतून काढा. आपल्या उन्हाळ्यात आत घाम धरतो आणि कागद चिकटतात. लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. सेलोटेप नको. टाचण्या आणि गंजलेल्या क्लिपा हळूच काढा, सुती कापडात सपाट ठेवा. प्रत्येकाचा फोटो काढा, पाठीमागची बाजूसुद्धा, आणि कुणाकडून आला ते वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहा.

मूळ कागद कुणाला देताना लेखी पोच घ्या. गावोगावच्या लोकांनी विश्वासाने दिलेली पत्रं परत न आल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

१९. सापडलेली नावं फेसबुकवर टाकू का?

स्वतःच्या घराण्याची टाका. दुसऱ्यांच्या बाबतीत विचारल्याशिवाय नको, मग कागद शंभर वर्षांचा का असेना. सेटलमेंटच्या यादीतल्या आडनावांची माणसं आज त्याच वस्तीत राहतात, त्यांच्या मुलांच्या सोयरिकी व्हायच्या आहेत. अत्याचाराच्या खटल्यातल्या बाईचं नाव तर कधीच नाही. यादी सापडली तर आधी त्या घरांत घेऊन जा, वाचून दाखवा. पुष्कळदा म्हातारी माणसं त्यातल्या चुका दुरुस्त करतात: हा भाऊ नव्हता, मेहुणा होता, ही मेली नव्हती, पळून गेली होती. तेही लिहून घ्या, सांगणाऱ्याच्या परवानगीने, तारखेसह.